मोटारसायकलची ब्रेक नळी

मोटारसायकलची ब्रेक नळी ही द्रवचलित ब्रेक असलेल्या दुचाकीमध्ये हँडलावरील मास्टर सिलिंडरपासून चाकाजवळील कॅलिपरपर्यंत ब्रेक द्रवाचा दाब पोचवणारी लवचीक नळी होय. बोलीत तिला ब्रेक पाइप किंवा होज पाइप असे म्हणतात आणि तिच्यातील द्रवाला ब्रेक ऑइल. नळीचे वरचे टोक हँडलाशी आणि खालचे टोक चाकाशी बांधलेले असल्याने हँडलाची उंची, रुंदी किंवा कोन बदलला की नळीचा मार्गही बदलतो. त्यामुळे हँडल बदलल्यानंतर नळीची लांबी, वळणे, घर्षणाच्या जागा, जोड आणि आतील द्रव यांची तपासणी करणे आवश्यक ठरते. ही तपासणी न केल्यास बिघाड बहुधा गाडी उभी असताना दिसत नाही. खड्ड्यात चाक आदळते किंवा हँडल पूर्ण वळवले जाते त्या क्षणी तो प्रकट होतो.

## इतिहास

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) याने सतराव्या शतकात मांडला. द्रवचलित ब्रेकचा पाया हाच नियम आहे. माल्कम लॉकहीड याला अमेरिकेत १९१७ मध्ये अशा ब्रेकचे एकस्व मिळाले, आणि १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना द्रवचलित ब्रेक बसवले गेले. मोटारसायकलींमध्ये हे तंत्र उशिरा आले. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेल्या गाड्यांपैकी १९६९ च्या होंडा सीबी ७५० या गाडीने पुढच्या चाकाला द्रवचलित डिस्क ब्रेक देऊन नवा पायंडा पाडला.

भारतात दीर्घकाळ तारेने ओढल्या जाणाऱ्या ड्रम ब्रेकचेच राज्य होते. १९९९ मधील हिरो होंडा सीबीझेड आणि २००१ मधील बजाज पल्सर या गाड्यांच्या काळापासून पुढचा डिस्क ब्रेक सर्वसामान्य खरेदीदाराच्या आवाक्यात आला. तारेच्या ब्रेकमध्ये हँडल उंचावले तर लांब तार घेतली की काम भागत असे. द्रवचलित ब्रेकमध्ये मात्र नळीबरोबर द्रव, हवा आणि जोडांची गळती हे तीन प्रश्न नव्याने उभे राहतात. जुन्या सवयीने काम करणाऱ्या कारागिराकडून नेमकी येथेच चूक होण्याचा संभव असतो.

## रचना

सर्वसाधारण ब्रेक नळीला तीन थर असतात. आतील थर ब्रेक द्रवाला दाद न देणाऱ्या कृत्रिम रबराचा (बहुधा ईपीडीएम) असतो. मधला थर विणलेल्या धाग्यांचा असून तो नळीला दाबाखाली फुगू देत नाही. बाहेरील थर ऊन, धूळ आणि घर्षण यांपासून संरक्षण देतो. काही नळ्यांमध्ये आतील थर टेफ्लॉनचा आणि मधला थर गंजरोधक पोलादी तारांच्या विणीचा असतो. अशी नळी कमी फुगते, त्यामुळे लिव्हर दाबताना हाताला घट्टपणा जाणवतो. परंतु तिची उघडी वीण रंगावर, वायरींवर आणि प्लॅस्टिकवर कानशीप्रमाणे घासते.

नळीच्या दोन्ही टोकांना धातूचे डोळे असतात. मधून भोक असलेला पोकळ बोल्ट त्यांतून घालून ते मास्टर सिलिंडर व कॅलिपर यांना आवळले जातात. या बोल्टाला बँजो बोल्ट म्हणतात. डोळ्याच्या दोन्ही बाजूंस तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा एकेक वॉशर असतो. आवळताना हा मऊ धातू दबून फटी बुजवतो आणि त्यामुळेच जोड गळत नाही. एकदा दबलेला वॉशर पुन्हा तितकाच दबत नाही. म्हणून जोड उघडला की दोन्ही वॉशर नवे घालावे लागतात.

## कार्य आणि दाब

नळीत किती दाब निर्माण होतो याचा अंदाज एका उदाहरणाने येईल. चालकाने लिव्हरवर १०० न्यूटन, म्हणजे सुमारे १० किलोग्रॅम वजनाइतका जोर दिला आणि लिव्हरचे गुणोत्तर ५ असले, तर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर ५०० न्यूटन बल पडते. पिस्टनचा व्यास १२.७ मिलिमीटर धरल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे १२७ चौरस मिलिमीटर होते. ५०० भागिले १२७ म्हणजे सुमारे ३.९ मेगापास्कल, अर्थात वातावरणाच्या दाबाच्या जवळपास ३९ पट दाब नळीत येतो. हाच दाब कॅलिपरमधील ३० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर सुमारे २,८०० न्यूटन बल उत्पन्न करतो. संकटसमयी चालक याच्या दुप्पट जोराने लिव्हर आवळू शकतो. तेव्हा नळीतील दाबही दुप्पट होतो.

नळीची ताकद यापेक्षा पुष्कळ अधिक ठेवलेली असते. अमेरिकी मानकानुसार द्रवचलित ब्रेक नळीने ४,००० पौंड प्रति चौरस इंच (सुमारे २७५ बार) इतका दाब दोन मिनिटे सहन करावा लागतो, तसेच सतत वाकवत राहण्याच्या ३५ तासांच्या चाचणीत टिकावे लागते. भारतात ब्रेक नळीसाठी आयएस ७०७९ आणि ब्रेक द्रवासाठी आयएस ८६५४ ही मानके आहेत. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील व्हीआरडीई या महाराष्ट्रातील संस्थांकडे वाहनांच्या अधिकृत चाचणीचे काम आहे. मात्र ही सर्व चाचणी मूळ हँडल, मूळ नळी आणि मूळ मार्ग असलेल्या गाडीची असते. हँडल बदलताच मार्गाची हमी संपते आणि तपासणीची जबाबदारी मालकावर व कारागिरावर येते.

## हँडल बदलल्याने होणारे परिणाम

### हँडल उंच किंवा मागे घेतल्यास

लिव्हर कॅलिपरपासून दूर जातो आणि मूळ नळी अपुरी पडते. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. एबीएस नसलेल्या साध्या गाडीत मास्टर सिलिंडर हँडलावर आणि कॅलिपर फोर्कवर असतो. हँडल वळवले की दोन्ही एकत्रच वळतात. त्यामुळे केवळ हँडल डावी-उजवीकडे वळवून पाहिल्याने नळी कमी पडते की नाही हे कळत नाही. नळीचा खालचा भाग ताणला जातो तो पुढचा फोर्क (बोलीत शॉकअप) पूर्ण उघडल्यावर, म्हणजे चाक खड्ड्यात उतरताना किंवा उंचवट्यावरून गाडी किंचित उचलली जाताना. गाडी स्टँडवर असून पुढचे चाक जमिनीला टेकलेले असेल, तर वजनाने फोर्क थोडा दबलेला असतो आणि नळी सैल भासते. ही सैलता फसवी असते.

नळी फोर्कच्या खालच्या पुलावर किंवा मडगार्डजवळ क्लिपने बांधलेली असते. वरचा भाग अपुरा पडल्यावर ही क्लिप काढून खालची ढील वर ओढून घेण्याचा उपाय पुष्कळदा केला जातो. त्याने वरचा भाग सैल दिसतो. परंतु फोर्कच्या हालचालीसाठी राखलेली ढील नाहीशी होते आणि मोकळी झालेली नळी टायरवर किंवा डिस्कवर घासण्याचा धोका निर्माण होतो. क्लिप मूळ जागी ठेवून नळी पुरत नसेल, तर लांब नळी घेणे हाच उपाय होय.

### हँडल खाली किंवा आखूड घेतल्यास

नळी गरजेपेक्षा लांब होते आणि तिचे वेटोळे हेडलाइट, टाकी किंवा फोर्कचा पूल यांच्यामध्ये येते. हँडल पूर्ण वळवल्यावर ती चिमटली जाऊ शकते. तीव्र वळणात नळी चपटी झाली तर लिव्हर सोडल्यावर द्रव परत येण्यास वेळ लागतो आणि ब्रेक लागलेलाच राहतो. शिवाय खालच्या हँडलावर मास्टर सिलिंडरची टाकी तिरपी बसल्यास हँडल वळवताना आतील छिद्र द्रवाबाहेर येऊन हवा शिरू शकते. गाडी सरळ उभी आणि हँडल सरळ असताना टाकीतील द्रवाची पातळी जवळपास आडवी दिसली पाहिजे.

### एबीएस व सीबीएस असलेल्या गाड्या

भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून अधिक क्षमतेच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालील दुचाकींना किमान सीबीएस बंधनकारक झाले. एबीएस असलेल्या गाडीत मास्टर सिलिंडरपासून निघालेली नळी प्रथम चौकटीवर बसवलेल्या मॉड्युलेटरकडे जाते आणि तेथून दुसरी नळी कॅलिपरकडे येते. चौकट हँडलाबरोबर वळत नाही. त्यामुळे अशा गाडीत हँडल पूर्ण वळवल्यावर या नळ्यांवर ताण येतो आणि दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहणे अनिवार्य ठरते. लहान गाड्यांतील सीबीएसमध्ये मागच्या पायब्रेकपासून पुढच्या ब्रेककडे जाणारी तार पुष्कळदा असते. हँडलाभोवतीच्या बदलात ती ताणली किंवा दबली जाणार नाही हेही पाहावे लागते.

## तपासणीची पद्धत

तपासणी पुढील क्रमाने केल्यास काही राहून जात नाही.

१. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, मागे वजन देऊन किंवा इंजिनाखाली भक्कम आधार लावून पुढचे चाक जमिनीपासून पूर्ण उचलावे, म्हणजे फोर्क त्याच्या कमाल लांबीपर्यंत उघडतो.

२. या स्थितीत नळी वरपासून खालपर्यंत बोटांनी चाचपावी. दोन्ही टोकांच्या धातूच्या डोळ्यांलगत नळी ताठ ओढलेली किंवा एकदम मोडलेली नसावी. सर्वांत आधी चिरा पडतात त्या याच जागी.

३. हँडल डावीकडे व उजवीकडे अगदी शेवटपर्यंत वळवावे. नळी, क्लच केबल, अ‍ॅक्सिलरेटर केबल आणि स्विचांच्या वायरी कोठे अडकतात, ताणतात किंवा चिमटतात ते पाहावे.

४. चाक जमिनीवर टेकवून पुढचा ब्रेक न दाबता हँडलावर जोर देऊन फोर्क वारंवार दाबावा. दबलेल्या स्थितीत नळी बाहेर फुगून टायर, डिस्क किंवा स्पोक यांना लागता कामा नये.

५. नळीवरील मूळ छपाईची सरळ रेषा पाहावी. ती मळसूत्रासारखी फिरलेली दिसल्यास नळी पिळली गेली आहे असे समजावे.

६. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन सुरू करावे आणि हँडल दोन्ही बाजूंना वळवावे. इंजिनाचा आवाज आपोआप वाढला, तर अ‍ॅक्सिलरेटर केबल ताणली जात आहे. हा दोष ब्रेकच्या दोषाइतकाच घातक आहे.

७. लिव्हर जोराने दाबून एक मिनिट धरून ठेवावा. तो हळूहळू आत जात असल्यास गळती किंवा मास्टर सिलिंडरचा दोष संभवतो. नंतर प्रत्येक जोडावर पांढरा कागद फिरवावा. ओलसर डाग उमटल्यास जोड गळत आहे.

८. ब्रेक दिवा लिव्हर दाबताच लागतो की नाही तेही पाहावे. मास्टर सिलिंडर हलवताना त्याच्या स्विचची वायर निसटण्याची शक्यता असते.

नळी किती लांब हवी हे मोजण्यासाठी जुन्या क्लच केबलचे बाहेरील आवरण उपयोगी पडते. सुतळी कोनात मोडते आणि खरी लांबी सांगत नाही. केबलचे आवरण मात्र नळीसारखेच गोल वळण घेते. फोर्क पूर्ण उघडलेला ठेवून, मूळ क्लिपांमधून हे आवरण न्यावे आणि टोकांपाशी सहज वळण राहील एवढी ढील धरून माप घ्यावे.

## नळी बदलणे आणि हवा काढणे

नवी नळी घेताना तिच्यावरील मानकाची खूण व उत्पादनाचा काळ पाहावा. बँजो बोल्ट दिसायला सारखे असले तरी १० मिलिमीटर व्यासाच्या बोल्टांत १.० आणि १.२५ असे दोन प्रकारचे आटे आढळतात. चुकीच्या आट्याचा बोल्ट सुरुवातीला दोन फेरे जातो आणि नंतर जबरदस्तीने आवळल्यास मास्टर सिलिंडरचे आटे कायमचे बिघडवतो. बोल्ट आवळण्याचे प्रमाण त्या त्या गाडीच्या सेवापुस्तिकेत दिलेले असते. ते टॉर्क पान्यानेच साधावे.

तालुक्याच्या गावी मोटारसायकलची लांब नळी लगेच मिळत नाही. अशा वेळी ट्रॅक्टरच्या हायड्रोलिक नळ्या तयार करणाऱ्या दुकानातून हव्या त्या लांबीची नळी दाबून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. ट्रॅक्टरची नळी खनिज तेलासाठी बनवलेली असते आणि तिचे आतील रबर (बहुधा नायट्राइल) ग्लायकोलयुक्त ब्रेक द्रवात फुगते व मऊ पडते. बाहेरून ती मूळ नळीपेक्षा दणकट दिसते. बिघाड आतून होतो. त्याचप्रमाणे ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल किंवा हायड्रोलिक ऑइल घातल्यास ब्रेकमधील रबरी सील फुगून संपूर्ण यंत्रणा निकामी होते. दोन तुकडे क्लिपने जोडून केलेली नळीही वापरण्याजोगी नसते.

जोड उघडला की यंत्रणेत हवा शिरते. द्रव दबत नाही, हवा मात्र दबते. म्हणून हवा राहिल्यास लिव्हर स्पंजासारखा लागतो आणि दाब कॅलिपरपर्यंत पोचत नाही. हवा काढण्यासाठी कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ब्रेक द्रव असलेल्या बाटलीत बुडवतात. लिव्हर दाबून धरायचा, निपल पाव फेरा उघडायचा, द्रव बाहेर पडल्यावर निपल बंद करायचा आणि मगच लिव्हर सोडायचा, हा क्रम बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवतात. दरम्यान वरची टाकी रिकामी होऊ देऊ नये. उंच हँडलाच्या गाडीत नळीने मास्टर सिलिंडरपेक्षाही वर कमान घेतली असेल, तर हवा त्या कमानीत अडकून राहते. अशा वेळी नळीचा मार्ग बदलणे किंवा हवा काढताना मास्टर सिलिंडर तात्पुरता उंच धरणे आवश्यक असते. एबीएस असलेल्या काही गाड्यांत मॉड्युलेटरमधील हवा काढण्यास सेवाकेंद्रातील संगणकीय उपकरण लागते.

द्रव कोणता घालावा हे टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. डॉट ३ चा उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत किमान २०५ अंश सेल्सिअस व ओलावा शोषल्यावर १४० अंश असतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० व १५५ आहेत. हा द्रव हवेतील बाष्प शोषतो, म्हणून उघडून ठेवलेल्या डब्यातील द्रव वापरू नये. तो रंगही खातो. टाकीवर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावा.

## बिघाडाची लक्षणे

- लिव्हर हँडलापर्यंत जातो किंवा मऊ लागतो: आत हवा, गळती अथवा नळीचे फुगणे.
- लिव्हर सोडूनही चाक जड फिरते: नळी चिमटलेली असणे, किंवा आतील थर सुटून पडद्याप्रमाणे वाट अडवणे.
- नळी वाकवल्यावर बारीक चिरा दिसतात: रबराचे वार्धक्य.
- लिव्हर दाबल्यावर नळीवर फुगवटा येतो: मधली वीण तुटलेली, गाडी त्याच क्षणी थांबवून चालवणे बंद करावे.
- टाकीतील पातळी वारंवार उतरते: गळती, किंवा झिजलेले ब्रेक पॅड.

अनेक उत्पादकांच्या पुस्तिका ब्रेक द्रव दर दोन वर्षांनी आणि रबरी नळी दर चार वर्षांनी, वरून चांगली दिसत असली तरी, बदलण्यास सांगतात.

## मराठवाड्यातील संदर्भ

लातूर जिल्ह्यातील चाकूर हे तालुक्याचे ठिकाण लातूर–अहमदपूर–नांदेड या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ वर आहे. येथे मोटारसायकल शाळा, शेत, बाजार आणि दवाखाना यांना जोडणारे रोजचे वाहन आहे. पाठदुखीमुळे हँडल उंच करून घेणारे प्रौढ चालक, दुधाच्या कॅनसाठी जागा करणारे शेतकरी आणि हौसेखातर बुलेटला उंच किंवा आखूड हँडल बसवणारे तरुण अशी बदलाची कारणे निरनिराळी असली, तरी नळीवरील परिणाम एकच असतो. मे महिन्यातील चाळीस अंशांवरचे तापमान रबर कडक करते, पावसाळ्यातील दमट हवा द्रवात ओलावा वाढवते, आणि शेतरस्त्यांवरील खड्डे फोर्कला वारंवार त्याच्या पूर्ण लांबीपर्यंत नेतात. गुळगुळीत महामार्गावर पुरेशी वाटणारी नळी शेताच्या वाटेवर अपुरी ठरते ती यामुळेच. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. रात्री महामार्गावर दिवे नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर आल्यास चालकाजवळ असे दोन-तीन सेकंदच असतात. जोराने ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढे सरकते आणि थांबवण्याच्या कामाचा मोठा वाटा पुढच्या चाकावर येतो. तोच ब्रेक हँडलावरील या नळीवर अवलंबून असतो.

## कायदेशीर बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ स्पष्ट करताना मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई असल्याचे सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दिव्यांग व्यक्तींसाठी वाहन अनुकूल करून घेण्याची तरतूद कायद्यात स्वतंत्रपणे आहे. हँडल बदलण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात (लातूरसाठी एमएच २४, नांदेडसाठी एमएच २६) चौकशी करणे त्यामुळे हिताचे ठरते.

## पहिली फेरी

सर्व तपासणी झाल्यानंतरही गाडी थेट रस्त्यावर नेऊ नये. प्रथम उभ्या गाडीवर लिव्हर घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावा. नवे काम झाल्यावर पहिले काही दाब रिकामे जातात. नंतर मोकळ्या मैदानात चालण्याच्या वेगाने पुढचा ब्रेक लावून पाहावा, मग वेग थोडाथोडा वाढवावा. परत आल्यावर जोडांवर पुन्हा कागद फिरवावा आणि सुमारे १०० किलोमीटरनंतर हीच पाहणी पुन्हा करावी. नवी नळी कोठे घासते आहे, याच्या खुणा तोपर्यंत तिच्यावर उमटलेल्या असतात.

## हेही पाहा

- डिस्क ब्रेक
- ड्रम ब्रेक
- पास्कलचा नियम
- मोटार वाहन कायदा, १९८८